टोचरे सुखतळे, मऊ सुखतळे: मज्जाविकारातल्या पायांसाठी काय घ्यावं, काय टाळावं

ऑनलाइन दुकानात ‘इनसोल’ असं टाकलं की तीन जाती समोर येतात. एक जेलची निळी गादी. दुसरी बारीक गोट्या बसवलेली ॲक्युप्रेशरची पट्टी. तिसरी हल्लीच दिसू लागलेली: पातळ, काळी किंवा करडी, सबंध पृष्ठभागावर बारीक पिरॅमिडांची टोकं असलेली. या तिसरीच्या वर्णनात पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, पक्षाघात आणि मधुमेही न्यूरोपथी (मधुमेहानं पायाच्या नसा निकामी होणं) अशी चारही नावं एका दमात येतात. खरी गोम तिथंच आहे. हे चार आजार चाल चार वेगवेगळ्या जागी अडवतात. कुठं तळव्याची बातमी वर पोचत नाही, कुठं वरचा हुकूम खाली येत नाही, कुठं स्नायू आवळून बसतो, तर कुठं पाऊल उचलायची सुरुवातच होत नाही. एकच सुखतळा या सगळ्यांवर चालतो म्हणणारा विक्रेता एकच किल्ली चार कुलपांना लावायला देतोय.

आधी या पिरॅमिडी सुखतळ्याकडे पाहू, कारण त्याच्यावर निदान गंभीर अभ्यास तरी झालेला आहे.

वस्तू साधी आहे. ईव्हीए नावाच्या फोमचा सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा तुकडा, वरच्या अंगाला ओळीनं पिरॅमिड. ईव्हीए आपल्या ओळखीचंच आहे. जॉगिंगच्या बुटाचा मधला थर आणि घरातल्या हलक्या स्लिपरा त्याच्याच असतात. अभ्यासात वापरलं गेलेलं शीट ब्रिटनमधल्या अल्जिओस या पुरवठादाराचं ‘इव्हालाइट पिरॅमिड’: ३ मिलिमीटर जाड, कडकपणा शोअर ए मापावर ५०. शोअर ए म्हणजे रबराचा कडकपणा मोजायची पट्टी. तिच्यावर रबर बँड २५ च्या आसपास येतो आणि गाडीच्या टायरचा पृष्ठभाग ६० ते ७० वर. म्हणजे ५० हा पायाखाली कडकच, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे. मऊ फोमचे पिरॅमिड अंगाच्या वजनाखाली चपटे होतात आणि मग उरतो तो नेहमीचा सपाट सुखतळा. स्वस्त नकला नेमक्या इथंच फसवतात. अंगठ्याच्या नखानं एक टोक दाबून सोडा. ते लगेच उभं राहिलं तर ठीक. दबून राहिलं तर वस्तू दाखवायची आहे, चालायची नव्हे.

यामागचा विचार असा. तळव्याच्या कातडीत दाब, ताण आणि कंपन टिपणारे चार जातींचे संवेदक असतात: मेर्केल, रुफिनी, माइसनर आणि पॅसिनी. वजन टाचेवरून चवड्यावर सरकतं त्याची खबर ते क्षणोक्षणी वर पाठवतात आणि त्या खबरीवर घोट्याचे स्नायू तोल सांभाळतात. सपाट पृष्ठभागावर दाब पसरतो, टोकांवर तो गोळा होतो. कातडी जागोजाग दबते आणि संवेदक जास्त बोलतात. कल्पना चुकीची नाही. पण दारावरची बेल जोरात दाबून उपयोग काय, जर मधली वायरच तुटलेली असेल? मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये बिघाड तळव्यात नसतो. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण गेलेलं असतं, आणि तळव्याची बातमी वर नेणारा मार्ग मज्जारज्जूच्या मागच्या बाजूनंच जातो. मधुमेही न्यूरोपथीत उलट, खालची टोकंच मरत जातात. पहिल्यात आवाज वाढवला तरी तो वाटेत हरवतो. दुसऱ्यात आवाज काढणाराच उरत नाही. टोचऱ्या पृष्ठभागाला वाव आहे तो मधल्या पट्ट्यात, जिथं संवेदना मंद आहे पण जिवंत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात ॲना हॅटन यांच्या चमूनं हाच प्रश्न धसाला लावला. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या १७६ जणांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला टोचरा सुखतळा, दुसऱ्याला त्याच जातीचा सपाट, आणि वापर १२ आठवडे. टोचऱ्या सुखतळ्यानं चालण्यात सपाटापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. या निकालाचं मोल तुलनेत आहे. दोन्ही गटांच्या पायात सुखतळा होता, त्यामुळे ‘नवीन काहीतरी घातलं म्हणून बरं वाटलं’ ही पळवाट बंद झाली आणि फक्त टोकांचा हिशेब उरला. आधीच्या छोट्या अभ्यासांत त्याच दिवशी, उभं असताना, झोक थोडा कमी झाल्याचं दिसलं होतं. पण एका जागी उभं राहणं आणि खडबडीत फुटपाथवरून चालणं या निराळ्या गोष्टी आहेत, आणि पायात अर्धा तास असलेला सुखतळा व तीन महिने असलेला सुखतळा याही. कपड्यांचा स्पर्श सकाळी अंगावर चढवल्यावर थोड्याच वेळात जाणवेनासा होतो. तळव्यालाही टोकांची सवय होत असणार, असा आमचा कयास आहे.

तेव्हा गुण द्यायचे तर: मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये चाल सुधारण्याचं साधन म्हणून पाचपैकी एक. पातळ, न घसरणारा, धुता येणारा साधा सुखतळा म्हणून अडीच. पक्षाघात आणि पार्किन्सनसाठी याच्या बाजूनं मोठा पुरावा नाही. संवेदना शाबूत असेल तर वापरून बघायला हरकत नाही, मात्र पुढं दिलेल्या पद्धतीनं मोजूनच. तळवा बधिर असेल तर शून्य. शून्यही जास्तच, कारण तिथं तो इजा करतो.

तळवा बधिर आहे का, हे आधी बघा

यासाठी दवाखान्याचीही गरज नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयातून आलेली बोटस्पर्शाची चाचणी घरी करता येते. माणसाला पलंगावर आडवं करा, पायमोजे काढा, डोळे मिटायला सांगा. तर्जनीचं टोक पायाच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवायचं, एक ते दोन सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही, टिचकी मारायची नाही. अंगठा, मधलं बोट, करंगळी. दोन्ही पाय मिळून सहा जागा. स्पर्श कळला की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. न कळलेल्या जागी पुन्हा हात लावून ‘आता कळलं का?’ विचारायचं नाही. घरातली माणसं प्रेमापोटी नेमकं तेच करतात आणि निकाल बिघडवतात. सहापैकी दोन किंवा जास्त जागा हुकल्या तर तळव्याची संवेदना उणी आहे असं धरून चाला. दवाखान्यात हेच १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूनं आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कनं पाहतात.

बोलण्यातूनही अंदाज येतो. ‘कापसावर चालल्यासारखं वाटतं’, ‘चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही’, ‘अंघोळीला डोळे मिटले की तोल जातो’: यातलं काहीही कानावर आलं तर सुखतळ्याची ऑर्डर थांबवा आणि आधी कारण शोधा. साखर तपासा. ब-१२ तपासा, शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास सापडते, आणि वेळेत इंजेक्शनं सुरू झाली तर पाय बऱ्याच अंशी परत येतात. कातडीवर न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. तो संपूर्ण बरा होतो, पण उपचाराला उशीर झाला तर आलेला बधिरपणा राहून जातो. दारू आणि कर्करोगावरची काही औषधंही नसा खातात. यातल्या कशावरही सुखतळा हा उपचार नाही.

ॲक्युप्रेशरची पट्टी

थोडक्यात आटोपू. दोन-चारशे रुपयांत मिळते. गोट्या पाच-सहा मिलिमीटर उंच, कडक प्लॅस्टिकच्या, काहींत वर चुंबकही बसवलेलं. निरोगी पायाला ती नुसती खुपते आणि माणूस चौथ्या दिवशी काढून टाकतो. बधिर पायाला खुपत नाही, म्हणून तो दिवसभर घालून हिंडतो आणि संध्याकाळी चवड्याखाली लाल किंवा काळसर ठिपका दिसतो. मधुमेहात त्या ठिपक्याचा व्रण व्हायला वेळ लागत नाही. ‘रक्ताभिसरण सुधारते’ या दाव्यावर भाळून आई-वडिलांना भेट म्हणून पाठवायची वस्तू ही नव्हे.

जेलची गादी

पहिल्या पावलाला सुखद, आणि हीच तिची विक्रीकला. टाच दुखणाऱ्या धडधाकट माणसाला ती चालते. पण तोल डळमळणाऱ्याच्या पायाखाली जाड, मऊ थर टाकला की घोट्याला आपण किती कललोय हे कळायला उशीर होतो. गादीवर उभं राहून एका पायावर तोल सांभाळून पाहा, लगेच पटेल. पार्किन्सनमध्ये ज्यांना मागे पडायची खोड लागलेली असते त्यांची टाच जेलमध्ये रुतते आणि मागचा झोक आणखी वाढतो. शिवाय जेल जड असतं. पाऊल उचलायलाच कष्ट पडणाऱ्या पायाला ते अधिकचं ओझं नको असतं. दोन गुण.

एमसीआर आणि मापाचा सुखतळा

बधिर पायासाठी खऱ्या अर्थानं काम करणारी वस्तू दिसायला सगळ्यात सामान्य आहे. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बारीक बंद छिद्रांचं मऊ रबर, कडकपणा शोअर ए वर साधारण १५. ही परंपरा कुष्ठरोगाच्या कामातून आली. वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं आणि तळवे आजारानं ‘झडत’ नाहीत. दुखत नाही म्हणून रोज त्याच जागी होणाऱ्या बारीक इजा माणसाला कळत नाहीत आणि पाय त्यांनी झिजतो. त्या विचारातून आलेल्या एमसीआरच्या चपला आजही राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमातून बधिर पायाच्या रुग्णांना मोफत मिळतात. मधुमेहवाल्यांनी त्या ‘त्या आजाराच्या चपला’ म्हणून नाकारणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. पायाला आजाराचं नाव कळत नसतं, दाब कळत असतो.

चांगली एमसीआर चप्पल ओळखायच्या खुणा अशा. वरचा एमसीआरचा थर निदान ८ ते १० मिलिमीटर. खाली कडक, सहजी न वाकणारा सोल, म्हणजे काचेचा तुकडा किंवा काटा आरपार येणार नाही. टाचेमागे पट्टा हवाच; तो नसला तर पाय चप्पल धरून ठेवायला बोटं आवळतो, आणि ती आवळलेली बोटं टोकाशी घासतात. अंगठा अडकवायची खुंटी नको. पट्टे वेल्क्रोचे, आतून मऊ अस्तराचे. आणि खिळा एकही नाही. सगळं शिवलेलं किंवा चिकटवलेलं. नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे टाकताना हे बजावून सांगा, नाहीतर तो सवयीनं दोन बारीक खिळे ठोकून देतो आणि बधिर तळव्याला ते खिळे कधीच टोचत नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत थर दाबा: निम्म्यापर्यंत दबून परत फुगला तर चांगला. दगडासारखा लागला तर ते एमसीआरच्या नावाखाली विकलेलं साधं फोम रबर आहे.

पायाचा आकार बिघडलेला असेल, चवड्याखाली घट्टा असेल किंवा आधी व्रण होऊन गेला असेल तर तयार चप्पल पुरत नाही. मग लागतो साच्यावर बनवलेला, तळव्याला सगळीकडे टेकणारा सुखतळा. त्यात सहसा तीन थर असतात. वर ३ मिलिमीटर प्लास्टाझोट, हा गरम करून पायाच्या आकाराला बसवता येणारा फोम. मध्ये दाबल्यावर परत उठणारा पॉलियुरेथेन. खाली आकार धरून ठेवणारा कडक ईव्हीए. एकट्या प्लास्टाझोटवर कुणी काम भागवत असेल तर नको म्हणा. तो फार लवकर चेपून पातळ होतो आणि मग पाय थेट तळाशी जाऊन टेकतो.

यातलं सगळ्यात नाजूक काम मेटाटार्सल पॅडचं. चवड्याच्या हाडांवरचा भार काढण्यासाठी तो थेंबाच्या आकाराचा उंचवटा असतो आणि त्याची जागा हाडांच्या डोक्यांच्या ५ ते १० मिलिमीटर मागे, टाचेकडे. बरोबर त्या डोक्यांखाली बसला तर भार कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. पडताळा सोपा आहे. दुखऱ्या किंवा घट्टा असलेल्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका लावा, माणसाला सुखतळ्यावर उभं करा आणि दोन पावलं चालवा. ठिपका उंचवट्याच्या पुढच्या उताराशी उमटला तर ठीक. माथ्यावर उमटला तर तिथल्या तिथं परत द्या.

मापाचा सुखतळा करणारा माणूस प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट असतो आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; ती विचारायला संकोच करू नका. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेत हा विभाग आहे. दुकानातल्या काचेवर उभं करून रंगीत नकाशा दाखवणारं यंत्र दिसायला भारी असतं, पण उभ्या पायाचा नकाशा चालत्या पायाचा दाब सांगत नाही. त्या नकाशावरून संवेदना न तपासता कमानीचा कडक प्लॅस्टिक सुखतळा गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत.

संरक्षणासाठी मापाच्या सुखतळ्याला साडेचार. चाल वेगवान करण्यासाठी? तो दावा त्याचा नाहीच. पण ज्या पायाला व्रण होत नाही तो पाय चालत राहतो, आणि व्रण झालेला पाय महिनोन् महिने खाटेवर जातो.

आजारागणिक

पक्षाघातानंतर पाऊल लोंबत असेल तर कुठलाही सुखतळा बोटं वर उचलणार नाही. तिथं एएफओ लागतो, म्हणजे पोटरीमागून तळव्याखाली येणारा ताठ आधार. सुखतळा एएफओच्या वर आला की पाय बुटात चढतो आणि टाच निसटते. म्हणून बूट अर्ध्या ते एका मापानं मोठा आणि जास्त खोलीचा घ्यावा. स्नायू आवळलेले असतील तर चवड्याखालची टोचणारी वस्तू काहींची बोटं आणखी आवळवते. तसं दिसलं तर तो पृष्ठभाग लगेच काढा. एक वेगळी युक्ती फिजिओथेरपीत वापरली जाते. बऱ्या पायाच्या बुटात सुमारे ६ मिलिमीटरचा सपाट उठाव देतात, म्हणजे वजन आपोआप दुबळ्या पायाकडे सरकतं. हे थेरपिस्टच्या देखरेखीखालचं काम आहे. घरी उलट्या पायात घातलं तर माणूस धडधाकट बाजूलाच अधिक रेलतो.

पार्किन्सनमध्ये सुखतळ्यापेक्षा खालचा सोल मोठा. पाय घासत चालणाऱ्याला घट्ट पकडीचं क्रेप रबर घातक. पाऊल पुढं यायच्या आधी बुटाचं टोक फरशीला धरतं आणि माणूस तोंडावर जातो. पुढचं टोक किंचित वर उचललेला, मध्यम पकडीचा, पातळ आणि ठाम सोल बरा. पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात त्यावर इलाज पायाखाली नसून डोळ्यांपुढं आणि कानात असतो: फरशीवर आडव्या चिकटपट्ट्या, किंवा ‘एक-दोन’चा ठेका.

शार्को-मारी-टूथसारख्या आनुवंशिक न्यूरोपथीत कमान उंच होते आणि पाय बाहेरच्या कडेवर कलंडतो. इथं बाजारातला ‘आर्च सपोर्ट’ उलटा बसतो. आतली बाजू उचलून तो पायाला आणखी बाहेर ढकलतो आणि घोटा मुरगळतो. उठाव हवा असतो बाहेरच्या कडेला.

थरथरणारे सुखतळे दूरच ठेवा. बोस्टनमध्ये जेम्स कॉलिन्स यांच्या गटानं २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं होतं की जाणवेल त्यापेक्षा थोडं कमी, अनियमित कंपन तळव्याला दिलं तर वृद्धांचा उभं असतानाचा झोक कमी होतो, २००६ मध्ये मधुमेह आणि पक्षाघाताच्या रुग्णांतही तसंच आढळलं. विज्ञान सुंदर आहे. पण त्यात कंपन प्रत्येक तळव्याच्या जाणिवेच्या उंबरठ्याखाली बेतून दिलेलं असतं. ऑनलाइन मिळणारा ‘मसाज इनसोल’ नुसता घरघरतो, चार्जिंग मागतो, आणि आपल्या पावसाळ्यात एका डबक्यात संपतो.

घालायचं कसं, बिघडतं कुठं

सगळ्यात नेहमीची चूक: जुना सुखतळा न काढता वर नवा टाकणं. ३ मिलिमीटरनं पाय वर आला की बोटांवरची जागा जाते आणि टाच बुटाच्या मागच्या कपातून सुटू लागते. आधी जुना सुखतळा उपसून काढा. तो शिवलेला किंवा पक्का चिकटवलेला असेल तर तो बूट या कामाचा नाही. बुटाची आतली लांबी पायापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त असावी आणि रुंदी चवड्याच्या सगळ्यात रुंद जागेइतकी. माप संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पायांचं; सूज तेव्हाच खरी कळते.

जुना सुखतळा नव्यावर ठेवून बॉलपेननं आखा. कापताना टाचेकडून कधीही नको. टाचेची वाटी घडवलेली असते. बोटांकडून कापा, रेषेबाहेर २ मिलिमीटर सोडून, मग बुटात घालून बघत थोडं थोडं छाटा. कडा दुमडली तर करंगळीच्या मुळाशी वळ उठतो. सरकत असेल तर टाचेखाली दुहेरी चिकटपट्टीचा एक तुकडा पुरे. सोल्यूशन लावून पक्कं करू नका, धुवायला काढता आलं पाहिजे. जाड पायमोजा टोचऱ्या सुखतळ्याची टोकं गिळून टाकतो, म्हणून चाचणी नेहमीच्याच मोज्यात करा. आणि सांगितल्याशिवाय एकाच पायात सुखतळा कधी घालू नका.

पहिल्या दिवशी अर्धा ते एक तास, तोही घरात. काढल्यावर तळवा उजेडात पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा मोबाइलनं फोटो काढा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर सुखतळा बदलायचा, पायाला ‘सवय होईल’ म्हणून थांबायचं नाही. सगळं ठीक असेल तर रोज एक तास वाढवा.

आता आपल्या घरांतला पेच. चपला दाराबाहेर निघतात आणि आजारी माणसाची बहुतेक पावलं घरातच पडतात: मोरीची ओली फरशी, उंबरठा, स्वयंपाकघरातलं सांडलेलं तेल. हजारोंचा सुखतळा दिवसातून दोनदा, फेरी मारण्यापुरता वापरला जातो. मधुमेही पायाबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं घरातही अनवाणी, नुसत्या मोज्यांत किंवा पातळ स्लिपरांत चालू नका असं सांगतात. तेव्हा पैसे एकाच जोडापुरते असतील तर तो घरातला घ्या: टाचेमागे पट्टा असलेला, धुता येणारा, फक्त घरात फिरणारा. देवघरापाशी त्याला सोवळं-ओवळं नको, एवढं घरच्या मोठ्यांशी आधीच बोलून ठेवा. उंबऱ्याशी रोज वाद झाला की चप्पल सुटते.

फरक पडला का, हे मोजा

‘बरं वाटतंय’ हे माप नव्हे. इमारतीच्या सपाट मोकळ्या जागेत खडूनं १० मीटरची रेघ आखा. दोन्ही टोकांना २ मीटर सोडून मधल्या ६ मीटरचा वेळ मोबाइलच्या घड्याळावर घ्या, पावलंही मोजा. दुसरी चाचणी: खुर्चीतून उठणं, ३ मीटर जाणं, वळणं, परत येऊन बसणं. वृद्धांमध्ये याला साडेतेरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. दोन्ही चाचण्या तीन-तीनदा करा आणि सरासरी लिहा. क्रम असा: आधी जुना सुखतळा, मग नवा, मग पुन्हा जुना. ही तिसरी फेरीच खरं बोलते, कारण सरावानं माणूस आपोआप थोडा वेगात जातो आणि त्याचं श्रेय सुखतळ्याला मिळतं. पार्किन्सनमध्ये गोळी घेतल्यापासून तितक्याच वेळानं मोजा. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये सकाळीच मोजा. उन्हानं आणि थकव्यानं चाल उतरते. त्या आजारात छोट्या अंतराच्या वेळेत साधारण २० टक्क्यांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात. अर्ध्या सेकंदाची सुधारणा रोजच्या चढउतारातच बुडून जाते. सोबत एक माणूस हाताच्या अंतरावर, दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभा असू द्या.

टिकण्याचं म्हणाल तर अमेरिकेतली मेडिकेअर योजना मधुमेहींना खास बुटांच्या एका जोडाबरोबर वर्षाला सुखतळ्यांचे तीन जोड मंजूर करते. म्हणजे एका जोडाचं आयुष्य साधारण चार महिने धरलेलं आहे. आपल्याकडे तोच जोड तीन वर्षं वापरतात आणि ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणतात. चवड्याखालची जाडी दर महिन्याला चिमटीत धरून पाहा. टाचेकडच्या कडेपेक्षा ती निम्मी झाली की तो सुखतळा संपला.

पावसाळ्यात बंद पेशींचे ईव्हीए आणि एमसीआर पाणी पीत नाहीत, पुसले की झालं. कातड्याचं आवरण असलेले दोन दिवस ओले राहतात आणि बोटांच्या बेचक्यात बुरशी वाढवतात, म्हणून जून ते सप्टेंबर दोन जोड आलटून पालटून वापरा. वाळवायचे पंख्याखाली. कडक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गीझरच्या पाइपवर ठेवले तर प्लास्टाझोट आक्रसतो आणि साच्यावर घेतलेला आकार जातो. बूट घालण्याआधी तो उलटा करून आपटा आणि आत हात फिरवा: खडा, बटण, नातवाचा खेळण्यातला तुकडा. बधिर पाय हे सगळं दिवसभर घेऊन चालतो.

विकत घेताना शेवटचं पाहायचं ते परतीचा नियम. कापलेला सुखतळा सहसा परत घेत नाहीत. म्हणून आधी जुन्या सुखतळ्याचा कागदी नमुना करून नव्यावर ठेवा. चवड्याची सगळ्यात रुंद जागा जुळत नसेल तर कात्री हातात न घेता तसाच खोक्यात भरा.